घट

पिशवी भरली तेव्हा ऑगस्ट होता.
कोपरखैरण्याला आमच्या चाळीमागं
एक बांधकाम अडून पडलंय, तिथली वाळू,
वॉचमनला विचारून आणलेली.
वीस किलो. काट्यावर मीच धरली,
गाळ्याचा शेठ चहाला गेला तेवढ्यात.
वर ताडपत्री, मग जुनी चादर, मग पट्टे.
धैर्यशील म्हणाला, आबा, एवढं नीट कशाला?
म्हटलं, एकतीस वर्षं कांदा वाहतोय मी.
ओझं हलतं ना, ते माणसाला खातं.
न हलणारं नुसतं जड असतं.

मागच्या खेपेला परत आला होता
अकरा सेकंदांनी.
कपाळाला टोपीची जागा मोकळी घेऊन
दारात बूट काढत बसलेला.
आईनं पाणी दिलं. अकरा हा आकडा
आमच्या घरात बरेच दिवस कुणी बोललं नाही,
दुधाचा हिशोबसुद्धा बारावर जायचा.

आता पहाटे साडेतीनला निघतो.
मोराज सर्कलपासून किल्ल्यापर्यंत, अन् परत,
डाव्या हाताला दिवे, उजव्या हाताला खाडीचा काळोख.
मी तेव्हा ट्रकवर असतो.
नाशिकची गाडी रिकामी होत असते,
हमालांची रांग, मानेवर गोणपाट,
अन् माझ्या डोक्यात त्याची पावलं.
आता सारसोळे असेल. आता करावे.
एक गोणी, शंभर पावलं.

डिसेंबरात वेळ उतरायला लागली.
दोन मिनिटं. मग चार. मग सहा.
गॅलरीच्या गजाला लटकून
बावीस वेळा हनुवटी वर नेली त्यानं,
खालच्या मजल्यावरच्या निकमबाईंनी मोजलं.
बायकोनं शेजारी साखर वाटली.
मी पिशवी उचलून खुंटीला लावली
आणि माझ्या खांद्यानं मला काहीतरी सांगितलं.

खांद्याला लिहिता येत नाही,
पण किलो-अर्ध्या किलोत तो चुकत नाही.

दुसऱ्या रात्री गोणपाटात गुंडाळून नेली मार्केटात.
काटा थांबला अठरा चारशेवर.
पोरानं चोरलं नव्हतं काही.
गाठी माझ्याच होत्या, जशाच्या तशा.
वाळू वाळली होती.
कांदा वाळतो तशी,
चाळीत पडून पडून, कुणाचा दोष नसताना.
आम्ही त्याला घट म्हणतो.
पट्टीत आधीच धरतो, रडत नाही त्यावर कोणी.

पण हे सांगायचं कसं?
की बाळा, तुझ्या सहा मिनिटांतली
काही तुझी आहेत,
काही पावसाची?

काट्याजवळ बसून राहिलो.
नामदेव म्हणाला, राहू दे की, हुरूप तरी आहे पोराला.
तिकडं काटा हुरूप मोजत नाही, नामा.

सोळाशे ग्रॅम बटाटे घेतले. नवे, मातीचे.
पैसे दिले.
ताडपत्रीखाली घट्ट बसवले, पुन्हा त्याच गाठी मारल्या.

त्या पहाटे तो चार मिनिटं उशिरा आला.
बूट काढले नाहीत.
जिन्यात बसला, घड्याळाकडं बघत,
घाम पायरीवर टपटपत होता.
मला वाटलं, आता विचारेल.
मी उत्तर जुळवत होतो,
विडी विझली हातात.

त्यानं पिशवी सोडली.
बटाटे एकेक काढून आईच्या टोपलीत ठेवले.
मग माझ्याकडं न बघता
मोरीतलं डबडं घेतलं
आणि बांधकामाकडं गेला.

संध्याकाळी मार्केटच्या गेटवर उभा.
पाठीवर पिशवी.
म्हणाला, आबा, काटा मोकळा आहे का?

बावीस भरली.
मी म्हटलं, दोन जास्त झाली.
तो म्हणाला, घट धरलीय.